मेनलँडवरच्या अक्का

आमच्या अक्का मद्रासला ‘मेनलँड’ म्हणत. म्हणजे जॉर्ज टाउनच्या भर वस्तीत, स्वतःच्या सख्ख्या भावाच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून, कोत्तवाल चावडीच्या बाजारातून नुकतीच आलेली कोवळी भेंडी चिरताना त्या म्हणायच्या, “ह्या मेनलँडवर भेंडीला कांहीं चवच नाहीं.” जन्म तंजावरचा, लग्न कुंभकोणमला, माहेर-सासर सगळं कावेरीच्या काठचं. नवऱ्याच्या नोकरीमुळे मधली काही वर्षं तेवढी त्यांनी अंदमानात पोर्ट ब्लेअरला काढली होती. पण कोणी गाव विचारलं की अक्का ताबडतोब सांगत, “पोर्ट ब्लेअर. इथें सध्या आलें आहे.” हे ‘सध्या’ मी त्यांना ओळखू लागले तेव्हाच बरंच जुनं झालं होतं.

सत्तावन्न साली आम्ही मद्रासला आलो. माझे यजमान केंद्र सरकारच्या हिशेब खात्यात होते. साताऱ्याहून थेट मद्रास म्हटल्यावर मी आधीच घाबरलेली. त्यात घर मिळालं ते बंदराजवळच्या गल्लीत, वेंकोबारावांच्या माडीवर. वेंकोबाराव तंजावरचे मराठी, बँकेत हेडक्लार्क, कपाळावर गंध, बोलणं अगदी बेताचं. त्यांची बायको लवकर गेली होती, मुलगी लग्न होऊन बंगळूरला होती. खाली ते आणि त्यांची थोरली विधवा बहीण, म्हणजे अक्का, अशी दोनच माणसं. आवाज मात्र एकाच माणसाचा यायचा.

पहिल्या दिवशी त्या माझ्यासाठी रसम घेऊन वर आल्या. मी ‘धन्यवाद’ म्हणाले. अक्कांनी भांडं खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहतच राहिल्या. “हें काय गे? घरांत कोणी धन्यवाद म्हणतें?” त्यांच्या मते माझं मराठी हे छापलेलं मराठी होतं, वर्तमानपत्रातून कापून आणलेलं. त्यांचं मराठी मला एखाद्या जुन्या पोथीतून उठून आल्यासारखं वाटायचं, फक्त दर दोन वाक्यांनंतर त्या पोथीत तमिळ ‘सेरी’, म्हणजे ‘बरं’, यायचं. जहाजाला त्या कप्पल म्हणत, मला सातारी. माझं नाव त्यांना शेवटपर्यंत माहीत होतं की नाही, याची मला शंकाच आहे.

त्यांची तिसरी भाषा म्हणजे बेटावरची हिंदी. ती त्या मिंट स्ट्रीटवरच्या मारवाडी कापडवाल्यांवर चालवत. “हम उधर रहता था,” असं छाती काढून सांगत. त्या हिंदीत बाई-पुरुष असला भेद नव्हता. कापडवाला शांतपणे ऐकून घेई आणि उत्तर तमिळमध्ये देई. घरी परतताना अक्का मला समजावत, की ह्या मारवाड्यांना शुद्ध हिंदी कळत नाही, मेनलँडवर राहून बिचाऱ्यांची भाषा बिघडली आहे.

आमच्या गच्चीवरून बंदरातल्या क्रेन आणि जहाजांची धुराडी दिसत. पोर्ट ब्लेअरचं जहाज महिन्यातून एखाद-दुसऱ्या वेळी यायचं, तेही त्याला जमेल तसं. अक्का सकाळी वाळवण घालायला गच्चीवर जात, पदर वाऱ्यावर धरून पाहत आणि खाली येऊन जाहीर करत की कप्पल उद्या येतंय. ते उद्या कधीच आलं नाही. कधी आज येऊन गेलेलं असायचं, कधी पुढच्या आठवड्यात यायचं. एकदा तर त्यांनी ‘चार दिवस कांहीं येत नाहीं’ म्हणून सांगितलं आणि त्यांचं वाक्य संपायच्या आत बंदरातून भोंगा वाजला. वेंकोबारावांनी वर्तमानपत्र किंचित खाली करून बहिणीकडे पाहिलं. अक्का म्हणाल्या, “तें चुकून लवकर आलें.”

जहाज आलं की परत जाणार, आणि जाणार म्हणजे अक्कांची पुडकी जाणार. बेटावर जाणारा माणूस मद्रासमध्ये कुठेही उतरला असो, अक्कांना त्याचा सुगावा लागे. खारवलेली नार्तंगाय लिंबं, बारके कांदे, शिवणयंत्राच्या सुया, स्टोव्हच्या पिना, नवं पंचांग, असलं काय काय जुन्या साडीच्या तुकड्यात शिवून त्या धक्क्यावर हजर होत. ओळखीचं कोणी सापडलं नाही तर अनोळखी धरत. एकदा त्यांनी एका पोलीस अधिकाऱ्याच्या हातात मोगऱ्याच्या कलमांची टोपली दिली आणि रोज दुपारी पाणी शिंपडायला बजावलं. बिचारा सलाम ठोकून टोपली घेऊन गेला. सोबत मी होते. मला हसू आवरेना. अक्का मात्र गंभीर होत्या. बेटावर माती चांगली आहे पण मोगरा नाही, हे सरकारच्या लक्षात यायला हवं होतं, असं त्यांचं म्हणणं.

वेंकोबाराव सहसा थट्टा करत नसत. पण एकदा जेवताना त्यांनी विचारलं, “तुझ्या बेटावर सगळें आहे, तर दरवेळीं कांदे कशाला पाठवतेस?”

“कांदे नाहींत म्हणून,” अक्का म्हणाल्या. “कांदे खायला माणसें आहेत ना.”

इतकं समुद्रापलीकडचं वेड असलेल्या ह्या बाईला समुद्र मुळीच मानवत नसे, हे मला उशिरा कळलं. आम्ही मरिनावर फिरायला जात असू. मी लाटांत पाय बुडवायची. अक्का वाळूवर बऱ्याच लांब, किनाऱ्याकडे जवळजवळ पाठ करून बसत. खोदून विचारल्यावर त्यांनी सांगितलं, की जहाज बंदरातून बाहेर पडायच्या आत त्यांना उलट्या सुरू होतात आणि पोर्ट ब्लेअरचा धक्का दिसेपर्यंत थांबत नाहीत. त्यांचे यजमान, ज्यांना त्या नुसतं ‘राव’ म्हणत, बंदर खात्यात होते. ते लोकांना सांगत की माझ्या बायकोची बॅगांमध्ये नोंद करा, कारण ती आडवी जाते आणि आडवी येते. हे सांगताना अक्का स्वतःच खूप हसल्या. मग म्हणाल्या, “समुद्र बघायला चांगला, सातारी. त्याच्यावर बसलें कीं मग तो आपल्याला बघतो.”

बेटाविषयी त्या सगळं सांगत. चढणीवरचं लाकडी घर, लाल पत्रा, त्यावर आठ-आठ महिने वाजणारा पाऊस. पंजाबी सुतार, बंगाली मास्तर, ब्रह्मदेशातून आलेली चहावाली, आणि भिंतीला भिंत लागून राहणारी मलबारकडची मरियमबी, जिच्या कोंबड्या अक्कांच्या अंगणात येऊन अंडी घालत आणि मग त्या अंड्यांना हात न लावता ती परत कशी करायची हा अक्कांपुढे धर्मसंकटाचा प्रश्न उभा राही. शेवटी त्यांनी एक जुनं सूप त्या कामाला ठेवलं होतं. हे सगळं मला पाठ झालं होतं. राव कसे वारले, एवढंच त्या कधी सांगत नसत. तापाने गेले, इतकंच वेंकोबारावांकडून कळलं होतं, आणि मग तेच जाऊन बहिणीला घेऊन आले होते.

अशी पाच-सहा वर्षं गेली. माझी दोन्ही बाळंतपणं अक्कांनी केली. माझी मुलं त्यांच्या मांडीवर तमिळ शिकली आणि माझ्याशीही तमिळच बोलू लागली. ह्यावरून मी कुरकुर केली की अक्का म्हणत, “छापून घे त्यांना मराठींत.”

मग एका पावसाळी सकाळी पोर्ट ब्लेअरच्या सरकारी इस्पितळातली एक नर्स आमच्या दारात आली. ती सुट्टीवर केरळात, आपल्या गावी निघाली होती. अक्का तिला नावाने ओळखत नव्हत्या, पण तिला अक्कांचं घर ठाऊक होतं. कॉफी घेता घेता तिने एकेकाची खुशाली सांगितली. शेवटी कप खाली ठेवून म्हणाली, मरियमबीला अर्धांगाचा झटका आला आहे. उजवी बाजू गेली. बोलणं नीट समजत नाही. इस्पितळाने घरी पाठवलं, आणि घरी कोणी नाही. शेजारचे आळीपाळीने भात भरवतात.

अक्कांनी नर्सला वाटेत खायला म्हणून लाडू बांधून दिले, दारापर्यंत पोचवलं, आणि आत जाऊन माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढायला मला हाक मारली. मी ट्रंक काढून दिली. मला वाटलं, ह्या वेळी पुडकं जरा मोठं दिसतंय. त्यात त्या स्वतःच्या साड्या ठेवू लागल्या तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.

संध्याकाळी वेंकोबाराव बँकेतून आले. ओसरीवर ट्रंक पाहून थबकले. अक्कांनी त्यांना कॉफी दिली आणि आपण पुढच्या कप्पलाने जातो आहोत असं सांगितलं. ते खुर्चीवर बसले. मी उठून वर जाणार होते, पण अक्का म्हणाल्या, थांब सातारी, तूही ऐक.

वेंकोबाराव बराच वेळ समजुतीने बोलत होते. त्यांनी वयाची आठवण दिली, त्या उलट्यांची आठवण दिली. लोक काय म्हणतील, भावाने म्हातारपणी बहिणीला काळ्या पाण्यावर धाडलं म्हणतील, हेही सांगितलं. मरियमबीसाठी एखादी बाई ठेवावी, आपण मदत पाठवू, असंही ते म्हणाले. अक्का ऐकत होत्या. शेवटी वेंकोबारावांनी मनातलं विचारलं.

“ती ना रक्ताची, ना नात्याची, ना आपल्यांतली. तिच्या घरीं जाऊन तूं राहणार? जेवणार काय?”

“तेंच सांगतें,” अक्का म्हणाल्या.

आणि मग त्यांनी सांगितलं. राव गेले ते भर पावसात. दर्यात वादळ होतं, जहाजं बंद होती. भावाला तार गेली, तार मिळालीही, पण तारेवरून माणूस येत नाही. पुरुषमंडळी रावांना घेऊन गेली आणि घरात अक्का एकट्या राहिल्या. तेव्हा मरियमबी आली आणि उंबऱ्याबाहेर, ओट्यावर चटई टाकून बसली. आत आली नाही, कारण अक्कांच्या घरचं सोवळं तिला माहीत होतं. दोन दिवस अक्कांनी काही तोंडात घातलं नाही. तिसऱ्या दिवशी तिने बाजारातून कोरं मडकं आणलं. आणि पहिल्यांदाच उंबरा ओलांडून आत आली. अक्कांचीच चूल पेटवली, अक्कांच्याच डब्यातले तांदूळ घातले, पळी अक्कांच्या हातात दिली, आणि तो हात स्वतःच्या हाताने धरून पेज ढवळली.

“म्हणाली, आतां ही तुम्हींच केली. खा.” अक्का भावाकडे वळल्या. “तुला यायला महिना लागला, वेंकू. तुझा दोष नाहीं, कप्पल नव्हतें. तोंवर ती रोज येत होती. आतां तिचा हात चालत नाहीं. कोणीतरी धरायला पाहिजे कीं नको?”

वेंकोबाराव उठून परसात गेले, हातपाय धुतले आणि संध्येला बसले. त्या दिवशी त्यांची संध्या फार लांबली. दुसऱ्या दिवशी ते बँकेत गेले नाहीत. छत्री घेऊन बाहेर पडले आणि दुपारी परतले ते जहाजाचं तिकीट घेऊन. ते अक्कांपुढे ठेवून म्हणाले, खालचा बर्थ मिळाला आहे, खाली कमी हलतं असं तो कारकून सांगत होता. तेवढं बोलून ते खोलीत गेले. अक्का ते तिकीट हातात घेऊन देवघरापुढे उभ्या राहिल्या आणि मग मला म्हणाल्या, “ह्याला सांबार येत नाहीं गे.” त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा रडताना पाहिलं, आणि निमित्त सांबाराचं होतं.

जहाज सुटेपर्यंतचे दिवस त्यांनी भावाला स्वयंपाक शिकवण्यात घालवले. तो एक वेगळाच सोहळा होता. बँकेत साहेबासमोर न डगमगणारे वेंकोबाराव चिंच भिजवताना घामाघूम होत. डाळ किती शिजवायची, असं त्यांनी विचारलं की अक्का सांगत, शिजेपर्यंत. मीठ किती, तर लागेल तेवढं. वेंकोबाराव मला हळूच म्हणाले, की ह्या पद्धतीने बँक चालवली असती तर आठवड्यात बुडाली असती.

सुटायच्या दिवशी आम्ही सगळे धक्क्यावर गेलो. घरापासून चालत जाण्याइतकं बंदर, पण बहिणीला आणायला गेले होते ती एक खेप सोडली तर वेंकोबारावांनी तिकडे पाऊल टाकलं नव्हतं. ट्रंक त्यांनी स्वतः उचलली, हमालाला हात लावू दिला नाही. अक्कांनी माझ्या मुलांचे पापे घेतले, माझ्या गालावरून हात फिरवला, भावाला पाया पडू दिलं नाही, आणि शिडी चढून गेल्या. आम्ही खाली उभे. आता त्या कठड्याशी येतील, मग येतील, म्हणून वर पाहत राहिलो. भोंगा झाला, दोर सुटले, कठड्यावर शेकडो माणसं हात हलवत होती. त्यांत अक्का कुठेच नव्हत्या. त्या केव्हाच खाली जाऊन डोळे मिटून आडव्या झाल्या असणार. तरीही वेंकोबाराव हात हलवत राहिले. एक अनोळखी सरदारजी वरून त्यांना प्रेमाने उलट हात हलवत होते.

मरियमबी त्यानंतर दीड-दोन वर्षं जगली. अक्का तिच्या घरातच राहिल्या, रिकामं पडलेलं आपलं जुनं घर भाड्याने घेऊन दोन घरांमधल्या भिंतीला दार पाडून घेतलं आणि दोन चुली मांडल्या असं येणारे-जाणारे सांगत. ती गेल्याचं कळलं तेव्हा वेंकोबारावांनी अक्कांची खोली झाडून घेतली, खाट उन्हात टाकली. पुढच्या जहाजाला ते धक्क्यावर गेले. अक्का आल्या नाहीत. त्याच्या पुढच्या जहाजालाही गेले. मग ती मागचीच नर्स पुन्हा सुट्टीवर निघाली होती, तिच्याकडून निरोप आला. बेटावर इस्पितळात, शाळांत मेनलँडवरून नव्या मुली नोकरीला येतात. नवरा बदलून आला म्हणून त्याच्या मागोमाग येतात. पहिला महिना नुसत्या रडतात, पुढचं जहाज कधी म्हणून विचारत राहतात. चढणीवरच्या त्या जोडघरात अक्का त्यांना ठेवून घेतात, जेवायला घालतात, नोकरीची सवय झाली की हाकलून देतात. निरोप एवढाच होता की मी येत नाही, इथे काम पडलं आहे.

नर्स पुढे म्हणाली, मागच्या सुट्टीवरून परत गेल्यावर मी स्वतः त्या घरात तीन महिने काढले. रडायला लागले की अक्का म्हणायच्या, रड, पण बसून रडू नको, रडता रडता वाटण वाट.

वेंकोबारावांनी खाट परत आत घेतली. स्वयंपाक त्यांना एव्हाना चांगला जमू लागला होता. त्यांचं सांबार अक्कांपेक्षा सरस होतं, पण हे आम्ही कोणी बोललो नाही.

अक्का गेल्याची तार आली ती सहासष्टच्या उन्हाळ्यात. छातीत दुखलं आणि काही तासांत आटोपलं. वेंकोबारावांनी आंघोळ केली, तंजावरच्या आचार्यांना बोलावून बाकीचं सगळं यथासांग केलं. तिकडे कोणी काय केलं, हे त्यांनी कोणाला विचारलं नाही. घर मात्र बंद पडलं नाही. ती नर्स आणि दोन मास्तरणी तिथे राहत होत्या, नव्या मुली येत होत्या आणि लोक त्याला अक्काचं घरच म्हणत होते, असं पुढे येणाऱ्यांकडून कळलं.

वर्ष भरत आलं असेल. आमचीही नागपूरला बदली झाली होती, बांधाबांध चालली होती. त्याच सुमारास ह्यांच्या कचेरीतला एक तरुण पोर्ट ब्लेअरला निघाला. दोनच महिन्यांपूर्वी लग्न झालेलं, बायको वर्ध्याकडची. त्यांना पोचवायला आम्ही धक्क्यावर गेलो. सामान चढत होतं. ती मुलगी एका वळकटीवर बसून हुंदके देत होती आणि तिचा नवरा इकडेतिकडे पाहत उभा होता.

गर्दीतून वेंकोबाराव आले. पांढरी वेष्टी, बंद छत्री, काखेत साडीच्या तुकड्यात शिवलेलं एक पुडकं. आम्ही तिथे असू हे त्यांना माहीत नव्हतं, आणि त्यांचं आमच्याकडे लक्षही नव्हतं. रडणाऱ्या मुलीची मराठी ऐकून ते थांबले असावेत. धोतर सावरत ते तिच्यासमोर उकिडवे बसले. एवढ्या वर्षांत मी त्यांना असं कोणासमोर बसलेलं पाहिलं नव्हतं.

“भिऊं नको गे,” ते म्हणाले. “माझी बहीण तिथें राहते.”

ह्यांनी चमकून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, बोलू नका म्हणून. मुलीने पदराने नाक पुसलं आणि विचारलं, कुठे राहतात त्या?

वेंकोबारावांनी तिला नीट सांगितलं. धक्क्यावर उतरलीस की बाजाराच्या मागची चढण धर. लाल पत्र्याची दोन घरं आहेत, मधल्या भिंतीत दार आहे. अक्काचं घर म्हणून विचार, कोणीही दाखवील. पोचशील तेव्हा चूल पेटलेली असेल.